लाल रानातलं पिवळं लुगडं

१

रीनाला वाघिणीनं मारलं असं कागदावर लिहिलं गेलं. पण ती गेली तेव्हा तिच्या कॅमेऱ्याच्या भिंगावर झाकण लावलेलं होतं.

ही गोष्ट माझ्या लक्षात आली नव्हती. माझ्या तेव्हा काहीच लक्षात येत नव्हतं. ती चंचल उसेंडी मॅडमच्या लक्षात आली. त्या चिचटोल्याच्या भागातल्या वनक्षेत्रपाल.

रीना माझी बायको. चिचटोल्याच्या नाल्यात ती सापडली, तेव्हा तिला बेपत्ता होऊन तीन दिवस झाले होते. काय सापडलं ते मी लिहिणार नाही. मी चप्पल ओळखली. नाल्यात वाघिणीच्या पंजांचे ठसे होते, म्हणून कुणी दुसरं काही विचारलं नाही. आठवड्याभरात वाघीण पिंजऱ्यात गेली. तिची दोन पिल्लं जंगलात राहिली.

दिवाळी तोंडावर आली असताना मॅडमनी मला कार्यालयात बोलावलं. टेबलावर रीनाचा कॅमेरा आणि तिची कापडी पिशवी होती.

"निकेशभाऊ, हे तुमचं. नाल्याच्या वरच्या मोहाच्या फांदीला अडकवलेलं होतं," त्या म्हणाल्या. "एक विचारू? तुमच्या मिसेस भिंगावर ही पिवळी काच लावायच्या ना?"

"हो."

"काच असली की झाकण बसत नाही. मी करून पाहिलं. म्हणजे कुणीतरी आधी काच काढली, कापसात गुंडाळली, या कुंकवाच्या डबीत ठेवली, डबी पिशवीत ठेवली आणि मग झाकण लावलं. वाघ समोर आल्यावर एवढं कोण करतं?"

मी डबी उघडून पाहिली. कापसात काच होती.

"त्या वाघिणीला मी पकडलंय," मॅडम म्हणाल्या. "तिनं मारलं नसेल तर मला कळलं पाहिजे. आत रीळ आहे का बघू."

त्यांचा अंगठा मागच्या दाराच्या खटक्यावर गेला. खिडकीतून ऊन थेट टेबलावर पडत होतं.

मी त्यांचा हात धरला. बाईमाणसाचा हात असा धरू नये, पण धरला.

"उघडू नका," मी म्हणालो. "उघडलं तर ती दुसऱ्यांदा जाईल."

२

मी बल्लारपूरला कागद कारखान्यात फिटर आहे. फोटोतलं मला काही कळत नाही. जे कळतं ते रीना जेवताना बोलायची तेवढं.

ती शाळेत चित्रकला शिकवायची. मोबाइल असताना जुना रिळाचा कॅमेरा वापरायची. आणि रिळंही साधी नाहीत. मुदत संपलेली, उलटी भरलेली, कुठली कुठली. ही शेवटची फिल्म तिला नागपूरच्या एका म्हाताऱ्या लॅबवाल्यानं दिली होती. ती बनवणं केव्हाच बंद झालंय. आमच्या फ्रिजमध्ये ती भेंडीच्या शेजारी वर्षभर पडून होती.

ती फिल्म माणसाच्या डोळ्याला न दिसणारा उजेड पकडते. जिवंत पान त्या उजेडात चमकतं, म्हणून फोटोत सगळं हिरवं रान लाल येतं. गुलालासारखं. तोडलेली फांदी सुकायला लागली की आपल्याला अजून हिरवीच दिसते, पण फिल्म फसत नाही. ती फांदी निळसर, मळकट येते. लढाईत झाडाझुडपांखाली लपवलेल्या तोफा हुडकायला म्हणे असली फिल्म काढली होती.

"मेलेलं झाड ओळखायला फिल्म कशाला?" मी तिला म्हणालो होतो. "कारखान्याच्या गेटवर ये. ट्रक भरभरून दाखवतो."

"तुम्हाला सगळं रान रद्दीच दिसते," ती म्हणाली होती.

ती फिल्म मिट्ट काळोखात भरावी लागते. आम्ही खोलीची दारंखिडक्या लावून, दोन गोधड्या अंगावर घेऊन ती कॅमेऱ्यात भरली. आत रीना घामाघूम झाली होती आणि हसत होती. ते हसणं मला अजून ऐकू येतं. चेहरा काही दिसला नव्हता, कारण अंधार होता.

हे सगळं मी मॅडमना सांगितलं. त्यांनी कॅमेरा काळ्या कापडात गुंडाळून माझ्या हातात दिला. मी तसाच नागपूरला गेलो. लॅबवाले म्हातारे म्हणाले, "जुनी फिल्म आहे. शिवाय रानातल्या उन्हात टांगलेली. आलं तर आलं. वाट पाहा."

वाट पाहणं मला जमत नव्हतं. मी आणि मॅडम चिचटोल्याला गेलो.

३

रीना पाच दिवस चिचटोल्यात सुगंधाबाईच्या घरी राहिली होती. गाव जंगलाला लागून आहे. धान तेव्हा पिकत आलं होतं.

वाटेत बिरजू भेटला. ब्रह्मपुरीहून गावात जीप आणणारा तोच.

"फोटोवाल्या मॅडमले मीच आनलं होतं," तो म्हणाला. "पूरा रस्ता बोलत होत्या. म्हने, बिरजूभाऊ, तुमची जीप फोटोत कोन्त्या रंगाची येईन सांगता येत नाई. मी म्हनलं, कोन्ताबी येऊ द्या, डेंट तेवढे नोका येऊ देऊ." मग त्यानं जीपच्या एका डेंटवरून हात फिरवला. "घ्याले आलो त्या दिवशी दहा वाजता सुगंधाबाई म्हने, काल सांजच्याले नाल्याकडं गेली, आलीच नाई."

गावाच्या शेवटी वारलूचं घर. त्याच्यावर आधी एक केस झालेली. रानडुकरं धान खातात म्हणून या भागात काही लोक बांधावरून उघडी तार ओढतात आणि तिच्यात करंट सोडतात. डुक्कर मरतं. कधी वाघ मरतो. वारलूच्या तारेत चितळ मेलं होतं.

"काहीबी झालं का साहेब लोक पयले माझ्याच घरी येते," वारलू म्हणाला. "चाय पीत जा तरी. यंदा तार नाई लावली म्या. डुकरं पोटभर खाऊन गेले."

"आनं तूबी खाल्ले असते, भेटले असते तं," त्याची बायको मंगली आतून म्हणाली. ती चहा घेऊन आली. नेसलेलं पातळ हळदीसारखं पिवळं. "त्या बाईनं माझाबी फोटो काढला होता, साहेब. चांगली होती बिचारी. सांजच्याले नाल्याकडं गेली, आलीच नाई."

सुगंधाबाई पासष्टीच्या पुढची. नवरा लकव्यानं खाटेवर, शेती एकटी पाहते. मला पाहून तिनं पाय धुवायला पाणी दिलं.

"या जवाई," ती म्हणाली.

मी कधी तिला भेटलो नव्हतो. रीनाला ती लेक म्हणायची, म्हणून मी जावई. अंगणात दोरीवर लाल लुगडं वाळत होतं. बाई स्वतः पांढऱ्या, विटलेल्या लुगड्यात होती.

"जेवली का पोटभर इथं?" मी विचारलं. दुसरं काही सुचलं नाही.

"जेवे. तिखट नाई चाले तिले. रोज दिवा लागला का त्या खाटेवर बसून तो कॅमेरा पुसे. म्या म्हनलं, लेकराले इतकं कोनी पुसत नाई." तिनं पदरानं तोंड पुसलं. "त्या दिवशी सांजच्याले नाल्याकडं गेली, आलीच नाई."

परतताना मॅडमनी गाडी गावाबाहेर थांबवली. मग म्हणाल्या, "खरं बोलणारे तीन जण तीन तऱ्हेनं सांगतात, भाऊ. इथं तिघांचं वाक्य एकच आहे."

दुसऱ्या दिवशी नागपूरहून फोन आला. फिल्म धुऊन झाली होती.

४

अर्धी फिल्म गेली होती. नुसते भगवे डाग. बाकीची चित्रं म्हाताऱ्यांनी छोट्या चौकटींत बसवून दिली. मी आणि मॅडम ती कार्यालयाच्या खिडकीत उजेडाकडे धरून एकेक पाहत होतो.

पहिल्या चित्रात ब्रह्मपुरीचा एस.टी. स्टँड. कडुनिंब लालभडक आणि त्याखाली एस.टी. उभी, पिवळीधमक.

"लाल डबा पिवळा झाला," मॅडम म्हणाल्या. तेवढंच काय ते हसलो.

मग जंगल. लाल मोह, लाल साग, लाल बांबू. आकाश गडद निळं. एका चित्रात विहिरीवर पांढऱ्या पातळातली एक बाई, तोंड फिरवलेली. एकात सुगंधाबाईचा नवरा खाटेवर. रीनाला हे लाल रान दिसलं नाही. तिनं ते फक्त काढलं.

शेवटचं चित्र मी सगळ्यात जास्त वेळ धरून राहिलो.

धानाचे बांध. धान पिकत आलेलं, म्हणून फिकट गुलाबी. बांधावरचं गवत, झुडपं, सगळी लाल. पण समोरचा एक बांध वेगळा होता. त्याच्यावर थोड्या थोड्या अंतरानं लहान झुडपं होती आणि ती लाल नव्हती. निळसर राखाडी होती. एका ओळीत, शेवटपर्यंत.

"तोडून रोवलेल्या फांद्या," मी म्हणालो.

"तारेचे खुंट झाकायला," मॅडम म्हणाल्या. त्यांचा आवाज बदलला. "भाऊ, हा करंट आहे."

ओळीच्या पलीकडे मोटारपंपाची टपरी होती. पाइपातून पाण्याची धार पडत होती. टपरीजवळ एक बाई उभी होती. दूर होती, तोंड कळत नव्हतं. तिचा एक हात वर होता, रीनाला ये म्हणावं तसा.

तिचं लुगडं पिवळंधमक होतं.

५

दुपार कलताना आम्ही त्या बांधावर पोचलो. मॅडमनी वारलू आणि मंगलीला बोलावून घेतलं होतं. झुडपांची ओळ आता नव्हती. खुंटांची भोकं मात्र मातीत होती. तो बांध वारलू आणि सुगंधाबाई दोघांच्या शेतांच्या मधला, सामाईक.

मी रीना उभी असेल तिथं उभा राहिलो आणि टपरीकडे तोंड केलं. ऊन थेट डोळ्यांत आलं.

चित्रात तसं नव्हतं. चित्रात खाली, अगदी पुढ्यात, एक लांब सावली होती. कॅमेरा डोळ्याला लावलेल्या बाईची. ती टपरीच्या दिशेनं पडली होती. म्हणजे सूर्य रीनाच्या पाठीमागे होता, पूर्वेला.

"हे सकाळचं आहे," मी म्हणालो. "ती सांजच्याला गेलीच नाही. सकाळपर्यंत जिवंत होती."

वारलूनं जमिनीकडे पाहिलं.

"लाइन कधी होती त्या दिवशी?" मॅडमनी विचारलं. "खरं सांग. मी वीज कार्यालयातून काढू शकते."

"पूरी रात नव्हती," वारलू म्हणाला. "सकाळी आली. ऊन पडल्यावर."

मॅडमनी चित्र मंगलीच्या पातळाशेजारी धरलं. "पिवळं पातळ. मोटर चालू. हात वर. ही तू आहेस का?"

मंगलीनं चित्र हिसकून घेतलं, उलटसुलट पाहिलं. "पिवळं पातळ का मी एकटीच नेसते? बाकीचे फोटो दाखवा ना. माझा काढला होता तिनं."

मी सगळ्या चौकटी तिच्या हातात दिल्या. ती एकेक उन्हाकडे धरत गेली. विहिरीवरच्या चित्राशी थांबली.

"हे पाहा. ही मी. हा माझा पाण्याचा गुंड, ह्याले इथी पोचा आहे." तिचा चेहरा गोंधळला. "पन माझं पातळ पांढरं कवा झालं?"

मी सगळी चित्रं परत घेतली आणि ते उन्हाकडे धरलं. विहीर, गुंड, पोचा, बाई. अंगावर तेच पातळ, जे आता माझ्यासमोर हळदीसारखं पिवळं होतं, आणि चित्रात पांढरं.

पिवळं या फिल्मवर पांढरं येतं. मग पिवळं दिसतं ते मुळात काय असतं?

मला एस.टी. आठवली.

मी वळून गावाकडे चालायला लागलो. मॅडम मागून हाक मारत होत्या.

६

दोरीवर लाल लुगडं अजून तसंच होतं. सुगंधाबाई उंबऱ्यात बसून सुपात तांदूळ निवडत होती. मी शेवटचं चित्र तिच्या सुपात ठेवलं.

तिनं ते उचललं नाही.

"वाळलंय कधीचं," मी लुगड्याकडे बघत म्हणालो. "नेसत का नाही?"

"नाई नेसवत," ती म्हणाली.

मॅडम धापा टाकत आल्या आणि दाराशी थांबल्या. मी बोलत राहिलो. बोललो नसतो तर खाली बसलो असतो.

"कॅमेऱ्याला झाकण लावायच्या आधी काच काढावी लागते, हे या गावात कुणाला माहीत असणार? काच कापसात गुंडाळायची, कुंकवाच्या डबीत ठेवायची. हे तिच्याजवळ बसून रोज पाहिलेल्या माणसालाच माहीत. वारलूनं कॅमेरा तसाच फेकला असता. तुम्ही पुसला."

"चिखल लागला होता त्याले," सुगंधाबाई म्हणाली. "ती रोज पुसून ठेवे. तसाच कसा ठेवू?"

मग तिनं सांगितलं. रडली नाही.

डुकरं रोज येत होती. तिनं पहिल्यांदाच तार लावली. दोन दिवस आधी फांद्या तोडून खुंट झाकले. या गावात तार लावणाऱ्यानं सांज पडायच्या आत घरोघरी जाऊन सांगायचं असतं, अमुक बांधाकडे फिरकू नका. आणि उजाडायच्या आत तार काढायची. ती सगळ्या घरी जाऊन सांगून आली. मंगलीला, वारलूला, सगळ्यांना.

"आणि रीनाला?"

"घरोघरी सांगतेत, जवाई. आपल्या घरी कोन सांगते?" ती म्हणाली. "ती तं माझ्याच घरची होती. मले वाटलं, सांगून झालं."

रात्रभर लाइन आली नाही. तार मेलेली आहे, सावकाश काढू, म्हणून ती सकाळी नवऱ्याचं करत बसली. रीना ऊन पडल्यावर कॅमेरा घेऊन निघाली. सुगंधाबाईला वाटलं, रस्त्याकडे गेली. तेवढ्यात लाइन आली. लाइन आली की जो तो मोटारीच्या बटनाकडे धावतो, कारण परत कधी जाईल नेम नसतो. तीही धावली. बटन दाबलं, पाणी आलं, आणि वळून पाहते तर बांधाच्या पलीकडे रीना.

"तवा आठवलं मले. तार."

मी चित्र सुपातून उचललं. "तुम्ही हात करून तिला बोलावलंत."

"बोलावलं नाई," सुगंधाबाई म्हणाली. पहिल्यांदा तिनं माझ्याकडे नीट पाहिलं. "थांब म्हनत होती मी. मोटरीच्या आवाजात पोचलं नाई. तिले वाटलं, मी फोटोसाठी हात करून राह्यली. तिनं फोटो काढला. हसली. आनं कॅमेरा डोळ्याले लावूनच पुढं आली."

मॅडमनी टोपी काढून हातात घेतली होती.

"नाल्यात मी आनं वारलूनं नेलं. वाघीन नंतर आली. गाव म्हने, बोलू नोको, बुढ्याले कोन पाहीन." तिनं आत खाटेकडे पाहिलं. "कोनी विचारलं असतं तं सांगतलं असतं. पन सगळे वाघालेच विचारत होते."

७

मॅडमनी जबाब लिहून घेतला. सुगंधाबाई आणि वारलू चंद्रपूरच्या जेलमध्ये आहेत. जाताना तिनं ते लाल लुगडं दोरीवरून काढून घडी केलं आणि मंगलीकडे दिलं. मंगलीनं ते घेतलं नाही. सुगंधाबाईचा नवरा नंतर तीन आठवडे जगला. बाईचं धान कुणी कापलं नाही. ते डुकरांनी खाल्लं.

मला वाटलं होतं, निदान वाघीण तरी सुटेल. मॅडमनी वरपर्यंत लिहिलं. मग एक दिवस त्या स्वतः बल्लारपूरला आल्या. चहा घेतला नाही.

"पिंजऱ्याचे गज चावून तिचे सुळे मोडलेत," त्या म्हणाल्या. "आता सोडली तरी शिकार करू शकणार नाही. ती आतच राहील."

"पिल्लं?"

त्यांनी नकारार्थी मान हलवली.

त्या गेल्यावर मी शेवटचं चित्र काढून खिडकीशी बसलो. अजूनही बसतो. गुन्हा कुणाचा ते कळलं, म्हणजे काय झालं ते कळलं. त्यानं काही झालं नाही. सुगंधाबाईवर राग धरायला बसतो आणि मला तिचा वर केलेला हात दिसतो.

आधी मी त्या हाताकडेच पाहायचो. आता खाली पाहतो. सकाळची सावली लांब असते. रीनाचे पाय चौकटीच्या बाहेर आहेत, अजून सुरक्षित, अलीकडच्या बांधावर. पण तिच्या सावलीचं डोकं त्या निळ्या फांद्यांच्या ओळीवर जाऊन टेकलेलं आहे.